दार तोडून आत येणारा हिरो

रात्रीचे दीड वाजलेत. घरातले सगळे झोपलेत आणि तुम्ही पांघरुणात मोबाइल धरून सिनेमा बघताय. पडद्यावरही रात्रच आहे. गावाबाहेरचं एक घर, आत एक कुटुंब, आणि बाहेरून कुणीतरी कडी चाचपतंय. या जातीच्या सिनेमांना होम इन्व्हेजन थ्रिलर म्हणतात. त्यांचं गणित सोपं असतं. दाराच्या आत असतो तो हिरो, बाहेरून येतो तो व्हिलन. 'होम अलोन'मधला पोरगा घ्या नाहीतर 'पॅनिक रूम'मधली आई, आपण आपोआप आतल्यांच्या बाजूने असतो. कारण आपणही त्या वेळी कुठल्या तरी दाराच्या आतच बसलेलो असतो.

पण काही सिनेमे इथेच गंमत करतात. 'डोंट ब्रीद'मध्ये तीन पोरं एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरात चोरीला शिरतात आणि थोड्याच वेळात आपण त्या चोरांसाठी श्वास रोखून बसतो. रामगोपाल वर्माच्या 'कौन'मध्ये तर दाराबाहेरच्याला घाबरायचं की आतल्याला, हेच शेवटपर्यंत कळत नाही.

असाच एक प्लॉट आपल्या भागात खराखुरा घडून गेलाय. त्यातल्या माणसाने शाळेचे पहिले धडे कल्याणात गिरवले. मायभूमीवरचे त्याचे शेवटचे दिवस ठाण्याच्या तुरुंगात गेले. आणि मधल्या आयुष्यातले साधारण पाच महिने त्याने लोकांच्या घरांवर दरोडे घालण्यात, ते घालणारी माणसं जमवण्यात आणि पोलिसांना चुकवण्यात काढले. नाव वासुदेव बळवंत फडके. डोंबिवलीकरांना फडके म्हटलं की दिवाळी पहाटेचा फडके रोड आठवतो, ते ठीकच आहे. पण आजचा विषय रोडचा नाही.

शाळेच्या पुस्तकात हे आपल्याला एका ओळीत भेटतात. आद्य क्रांतिकारक, दाढीवाला फोटो, जन्म आणि मृत्यूची सालं, पुढचा धडा. त्या एका ओळीत दरोडे हा शब्द असलाच तर घाईघाईने उरकलेला असतो, जणू पाहुण्यांसमोर घरातली नको ती गोष्ट निघावी तसा. मला वाटतं, थांबायला हवं ते नेमकं तिथेच.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. गावाच्या पुढेच कर्नाळा किल्ला आहे. आपण ट्रेकला जातो तोच. वासुदेवचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८मध्ये इंग्रजांनी कर्नाळा घेतला आणि घराण्याची किल्लेदारी संपली. म्हणजे या पोराच्या घरात सांगितली जाणारी पहिली गोष्टच कुणीतरी बाहेरून आलं आणि आपलं दार फोडलं, ही होती.

वासुदेवच्या लहानपणीच आपल्याकडे रेल्वे आली. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १ मे १८५४ला ती कल्याणपर्यंत पोचली. तेव्हा वासुदेव आठ वर्षांचा होता. कल्याणनंतर पुढचं शिक्षण मुंबई-पुण्यात झालं, तेही अर्धवटच. मग नोकऱ्या. मुंबईत रेल्वेत काही दिवस, आणखी एकदोन ठिकाणी, आणि शेवटी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. तिथे हा माणूस पंधराएक वर्षं टिकला. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, लग्न, घर. आजच्या भाषेत सेटल्ड. बंड वगैरे करणारा माणूस असा नसतो, असं आपल्याला वाटतं.

मग आई आजारी पडल्याचा निरोप आला. फडक्यांनी रजा मागितली, साहेबाने दिली नाही. शेवटी ते रजेविना निघाले आणि शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठीही रजा मिळाली नाही. एका रजेच्या अर्जावरून साम्राज्याशी वैर, असं म्हणणं फारच फिल्मी होईल. सिनेमावाल्याला हा सीन मिळाला तर तो तिथेच इंटरव्हल करेल. खऱ्या आयुष्यात यानंतरही फडके बरीच वर्षं त्याच कचेरीत गेले, खर्डेघाशी करत राहिले. पण ऑफिस सुटल्यावरचं त्यांचं आयुष्य मात्र बदलत गेलं.

संध्याकाळी ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात. कुस्ती, दांडपट्टा, तलवार, नेमबाजी. त्या काळच्या पुण्यात एका चित्पावन कारकुनाने मातंग समाजातल्या वस्तादाला गुरू मानायचं, ही साधी गोष्ट नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ते ऐकत. देशातला पैसा विलायतेला कसा वाहून जातो आणि इथले धंदे कसे बसतात, याचा हिशेब त्यात असायचा. हिशेब खात्यातल्या माणसाला तो न कळता तरच नवल. त्यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात शाळा काढली. तिच्यातून पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. पहिली पत्नी वारल्यावर गोपिकाबाईंशी लग्न झालं, तर बायकोला लिहायवाचायला शिकवलं आणि वर हत्यार चालवायलाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

आता थोडं त्या घरांबद्दल बोलू, ज्यांची दारं पुढे फोडली जाणार होती.

दख्खनच्या गावात सावकाराचं घर ओळखायला अवघड नसायचं. जाड भिंती, वर माळवद, भक्कम दरवाजा आणि त्याला आतून लावायचा आडवा अडसर. आत धान्याची पेवं, तिजोरी, आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कागद. कर्जखतं, गहाणखतं, लाल कापडात बांधलेल्या वह्या. शेतकऱ्याला सरकारचा सारा रोख रकमेत भरावा लागे, पीक येवो न येवो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिथला कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र तसंच राहिलं. मग अंगठा, फिर्याद, कोर्टाचा हुकूमनामा, जप्ती. शेतकऱ्याच्या घरातही कुणीतरी बाहेरून शिरतच होतं. फक्त तो दिवसाढवळ्या यायचा आणि त्याच्या हातात मशालीऐवजी कागद असायचा.

१२ मे १८७५ला बारामतीजवळच्या सुप्याला बाजाराच्या दिवशी याचा स्फोट झाला. लोकांनी सावकारांची घरं आणि दुकानं फोडली. पण त्यांना दागिन्यांपेक्षा कागद हवे होते. कर्जखतं रस्त्यावर आणून जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. एवढा मोठा उद्रेक होऊनही माणसांना इजा फार कमी झाली, याचं नवल खुद्द सरकारी चौकशीलाही वाटलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. होम इन्व्हेजनच म्हणायचं तर हे अख्ख्या गावाने केलेलं होतं, आणि त्यात व्हिलन कोण याबद्दल कुणाला शंका नव्हती.

आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८७६ ते १८७८. देशभरात ५० लाखांच्या वर माणसं मेल्याचे अंदाज आहेत. आपल्याकडे सोलापूर, नगर, विजापूर, पुण्याचा पूर्व भाग होरपळला. गुरं मेली, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली आणि तिथेच पडली. फडके हे सगळं गावोगाव फिरून डोळ्यांनी बघून आले. त्याच काळात, १८७८मध्ये, व्हाइसरॉय लिटनने शस्त्रांचा कायदा आणला. हत्यार बाळगायचं तर परवाना हवा. म्हणजे लढायचंच असेल तर पैसे चोरून आणि हत्यारंही चोरून जमवायची.

फडक्यांनी आधी सरळ मार्गाने प्रयत्न केले. व्याख्यानं दिली, पुण्यातल्या शिकलेल्या आणि पैसेवाल्या लोकांकडे मदत मागून पाहिली. टाळ्या मिळाल्या, पैसा नाही. मग ते वळले रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांकडे. इथे कथेत एक विलक्षण गोष्ट येते. रामोशी हे मुळात गावाचे राखणदार. रात्री गस्त घालायची, चोरी झाली तर माग काढायचा, माग लागला नाही तर नुकसान भरून द्यायचं, असा पेशवाईतला रिवाज होता. इंग्रजांनी नवी व्यवस्था बसवली आणि रामोशांचं काम आणि वतन दोन्ही गेलं. याच रागातून उमाजी नाईक उठले आणि १८३२मध्ये पुण्यात फासावर गेले. थोडक्यात, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरांची दारं राखली, तेच आता फडक्यांच्या मागे ती दारं फोडायला निघाले. कुठल्या घरात काय आहे आणि कुठून शिरायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

फेब्रुवारी १८७९मध्ये फडक्यांनी नोकरी, घर, पुणं सोडलं. गोपिकाबाईंना माहेरी पोचवलं. लोणीजवळ मोजक्या साथीदारांना घेऊन बंडाची सुरुवात केली आणि दोनतीन दिवसांत शिरूर भागातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. त्यानंतर एकामागून एक गावं. वेळ संध्याकाळनंतरची, हातात मशाली आणि तलवारी, निशाणा सावकार आणि व्यापाऱ्यांची घरं. पैसा आणि दागिने घ्यायचे, कर्जाच्या वह्या हाती लागल्या तर जाळायच्या. बायकांच्या अंगाला हात लावायचा नाही असा फडक्यांचा दंडक होता, असं चरित्रकार सांगतात. दरोडा संपला की सह्याद्रीच्या कपारीत मुक्काम.

प्लॅन कागदावर पक्का होता. लुटीतून पैसा, पैशातून घोडी, हत्यारं आणि पगारी माणसं. मग तुकड्या करून एकाच वेळी जागोजागी उठाव, तारा तोडायच्या, टपाल अडवायचं, तुरुंग फोडायचे. सावकाराचं घर हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतंच, ती वाटेतली पायरी होती.

पण पायरीवरच सगळं अडलं. लूट वाटताना साथीदारांना आपापला वाटा हवा असे. ज्याला वाटा मिळाला तो घरी जायला निघे. त्याचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्याच्या घरात दोन वर्षं दुष्काळ राहून गेलाय त्याने आधी पोराबाळांच्या तोंडात घास घालायचा की घोडदळ उभारायचं? फडक्यांना मात्र हे सोसलं नाही. देशासाठी लढायला निघालेला माणूस आपण दरोडेखोरांचा नाईक होऊन बसलोय, असं त्यांना वाटायला लागलं. एप्रिलमध्ये ते सगळं सोडून थेट आंध्रातल्या श्रीशैलम मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देवापुढे प्राण द्यायचा असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिथेच त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. आपण काय केलं, का केलं आणि कुठे फसलो, हे त्यात त्यांनी स्वतःच मांडलंय. देशबांधवांसाठी काही करू शकलो नाही म्हणून त्यांची क्षमाही मागितलीय.

थ्रिलरमधला कुठलाही हिरो, किंवा व्हिलन, मध्यावर थांबून असं करत नाही.

मला इथे एक गोष्ट सरळ बोलावीशी वाटते. फडक्यांना ज्यांच्याशी लढायचं होतं ते मलबार हिलवर, कलकत्त्यात आणि लंडनमध्ये बसले होते. सरकारी खजिन्यावर बंदुकांचा पहारा होता. हाताशी होतं ते गावातलं सावकाराचं घर. तो सावकार लबाड असेल, क्रूरही असेल, पण मशाली घेऊन माणसं आत शिरली तेव्हा माजघरात त्याची म्हातारी आई होती, लेकरं होती. कथेतला खरा व्हिलन फडक्यांनी फोडलेल्या एकाही घरात राहत नव्हता. याचा अर्थ फडके व्हिलन ठरतात असं नाही. पण त्यांना हिरो म्हणायचं तर त्या माजघराकडे पाठ फिरवून म्हणता येत नाही. आणि तसं त्यांनी स्वतःही म्हटलेलं नाही. पुतळे उभारणारे आपण हे विसरतो, ते विसरले नव्हते.

श्रीशैलमहून ते मरायचं सोडून परत फिरले. आता त्यांनी हैदराबाद संस्थानातले रोहिले आणि अरब पगारावर जमवायचा घाट घातला. त्यासाठी मोठी रक्कम हवी होती. दौलतराव नाईक हा त्यांचा सगळ्यात भरवशाचा साथीदार कोकणात उतरला आणि मे १८७९च्या दुसऱ्या आठवड्यात पळस्पे आणि चिखली या गावांवर दरोडे पडले. हा सगळा पनवेलचा भाग. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे सगळ्यात मोठी धाड पडली ती आपल्याच जिल्ह्यात. आज पळस्पे फाटा म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक जाम आठवतो. तिथून शिरढोण अगदी थोड्या अंतरावर आहे. फडक्यांच्या नावाने पडलेला सगळ्यात मोठा दरोडा त्यांच्या स्वतःच्या घराच्या शेजारगावात पडला होता. ते स्वतः तेव्हा तिथे नव्हते.

लूट प्रचंड होती. पण ती घेऊन घाट चढत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावाला गाठलं. चकमकीत दौलतराव मारला गेला, लूट गेली, आणि फडक्यांचा उजवा हातही.

त्याच आठवड्यात पुण्यात आणखी एक प्रकार झाला. १३ मेच्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. फडके पुण्यात शिरले! पुढे तपासात निघालं की आग लावणारा सरकारी पुस्तकांच्या डेपोतलाच एक कर्मचारी होता. पण तोवर फडक्यांची दहशत एवढी झाली होती की कुठे काडी पेटली तरी ती त्यांच्याच नावावर जायची. त्यात फडक्यांनी जाहीरनामा काढला. लोकांना कामं द्या, कर कमी करा, बड्या साहेबांचे पगार कापा, नाहीतर परिणामांना तयार राहा, असा त्याचा मथितार्थ. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी इनाम लावलं, तर यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावलं. ही बातमी लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत गेली. दोन जिल्ह्यांतल्या दरोड्यांची दखल लंडनने घ्यावी, हे त्या काळात नवलच.

आणि एक गोष्ट झाली, जिचं श्रेय दंग्यांना, दुष्काळाला आणि या बंडालाही थोडं थोडं द्यावं लागेल. त्याच १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. सावकाराच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, कोर्टाने व्यवहाराच्या मुळाशी जायचं, असं त्यात होतं. कागद जाळून जे साधलं नव्हतं, त्यातलं थोडंफार कागदावरच आलं.

फडके मात्र तोवर पळत होते. मेजर डॅनियल मागावर, हैदराबादचे पोलीसही मागावर. अंगात ताप, पायात त्राण नाही. जुलै १८७९मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावातल्या देवळात ते झोपलेले असताना रात्री डॅनियल आणि त्याची माणसं आत शिरली. दुसऱ्यांच्या झोपेत शिरणारा माणूस स्वतःच्या झोपेत सापडला. त्यांच्या सामानात आत्मचरित्र आणि रोजनिशी मिळाली. खटल्यात हाच मोठा पुरावा ठरला.

खटला पुण्यात चालला. संगमावरच्या कचेरीबाहेर लोक गर्दी करत. ज्यांनी आधी पैसे द्यायला हात आखडले होते, त्यांच्यातलेही काही त्यात असतील. वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. खरी मेख इथे आहे. सरकार बाहेर ओरडून सांगत होतं की हा नुसता डाकू आहे. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केलेली लूट म्हणजे दरोडा, ही इंडियन पीनल कोडमधली व्याख्या फडक्यांना अगदी चपखल बसत होती. तरीही आरोपपत्रात नुसता दरोडा नव्हता. राणीच्या सरकारविरुद्ध युद्धाची तयारी आणि राजद्रोह हे आरोप त्यात होते. डाकू युद्ध करत नाही. म्हणजे हा डाकू नाही, हे सरकारनेच लिहून दिलं! नोव्हेंबरमध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

आणि फडके ठाण्याला आले. तुरुंगात.

कोर्ट नाक्याकडून जाताना ती उंच काळी भिंत तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल. आतला किल्ला बांधायला घेतला पोर्तुगीजांनी, १७३७मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, १७७४मध्ये इंग्रजांनी, आणि मग त्यांनी त्याचा तुरुंग केला. फडके तिथे यायच्या एकतीस वर्षं आधी, २ मे १८४८ला, याच तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी दिली होती. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी हे महादेव कोळी समाजाचे बंडकरी. त्यांची कथा फडक्यांच्या कथेची थोरली बहीण शोभावी अशी आहे. सावकारांच्या घरांवर धाडी, कर्जखतं ताब्यात, आणि जास्त मुजोर सावकारांची नाकं कापल्याच्या कहाण्या. सरकारी दप्तरात दरोडेखोर, डोंगरात मात्र देवमाणूस. पंढरपुरात ते पकडले गेले. फडक्यांना त्याच भिंतीआड ठेवताना तुरुंगाधिकाऱ्याच्या मनात राघोजी आले असतील की नाही, कोण जाणे. ठाण्याच्या या भिंतीआड पुढे १९१०मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. तलावपाळीवर आइस्क्रीम खाताना एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असतं.

फडक्यांना ठाण्यात फार दिवस ठेवलं नाही. जानेवारी १८८०मध्ये त्यांना बोटीने एडनला पाठवलं. अंदमानला न पाठवता एडनला का, तर तिथे ओळखीचं, मराठी बोलणारं कुणी भेटू नये, हे उघड आहे. एकांतकोठडी, बेड्या, वाळवंटाचा उकाडा.

तरीही हा माणूस शांत बसला नाही. ऑक्टोबर १८८०मधल्या एका रात्री फडक्यांनी बेड्यांतून सुटका करून घेतली आणि कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं. अख्खं दार. तालमीत कमावलेलं शरीर तुरुंगातल्या खाण्यावरही एवढं करू शकलं. मागचे सगळे दरोडे आठवा. तेव्हा दारं फोडली ती आपल्याच मुलखातल्या लोकांची. हे दार मात्र थेट सरकारचं होतं, आणि त्यामागे कुणाची म्हातारी आई झोपलेली नव्हती. भिंत ओलांडून ते वाळवंटात पळाले. रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, पायात बेड्यांचे घट्टे. काही तासांतच पकडले गेले आणि पहारा आणखी कडक झाला. पुढे क्षयाने शरीर पोखरलं, त्यात त्यांनी अन्न सोडल्याचंही सांगतात. १७ फेब्रुवारी १८८३ला एडनच्या तुरुंगात ते गेले. वय सदतीस.

२००७मध्ये गजेंद्र अहिरेंनी त्यांच्यावर सिनेमा केला, अजिंक्य देव फडक्यांच्या भूमिकेत. मुंबईत मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला त्यांचं नाव आहे. पनवेलच्या नाट्यगृहालाही आहे, आणि तिथे नाटकाला जाणारे बहुतेक जण त्याला नुसतं फडके नाट्यगृह म्हणतात. पावसाळ्यात कर्नाळ्याला जाताना पळस्पे फाटा मागे पडला की थोड्या वेळात शिरढोण लागतं. तिथे त्यांचं स्मारक आहे. ग्रुपमधल्या कुणाला तरी गाडी पाचदहा मिनिटं थांबवायला सांगा.